मुका हात

मुका येणार म्हणून माईंनी सकाळपासून तीनदा जिना झाडला. तिसऱ्या वेळी सुनेनं त्यांच्या हातातून झाडू काढून घेतला आणि म्हणाली, "आई, आता जिना झिजेल." हसत म्हणाली खरी, पण झाडू भिंतीला टेकवताना तो दोनदा तिच्या हातून घसरला. माईंनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. या घरात कुणाच्या हाताकडे टक लावून पाहायचं नसतं, हे लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्या शिकल्या होत्या.

मुका म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा. तोंडानं तो चांगला बडबड्या होता. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत दिवसाला साठ-सत्तर माणसांचं रक्त काढायचा आणि सुई टोचेपर्यंत प्रत्येकाला कसल्या ना कसल्या गोष्टीत गुंतवून ठेवायचा. मुका होता तो त्याचा हात.

खालच्या कारखान्यात तीन पिढ्या मुलाम्याचं काम चाललं होतं. पदकं, बिल्ले, घड्याळांची झाकणं, दारांच्या मुठी, जे येईल त्यावर सोनं चढवायचं. सोनं पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करायचा, तो कुंच्यानं चांदीवर किंवा पितळेवर लावायचा आणि वस्तू भट्टीवर धरायची. पारा धूर होऊन उडायचा, सोनं राहायचं. कारागीर पुढच्या ओट्यावर बसून घासायचं-पुसायचं काम करत. भट्टीपाशी मात्र फक्त घरची माणसं. ती कला परक्याला दाखवायची नाही, आणि परक्यांत सुनासुद्धा आल्या. भट्टीपाशी बसणाऱ्या प्रत्येकाचा हात तिशीच्या आत थरथरायला लागायचा. थरथर हा शब्द घरात कुणी उच्चारत नसे. 'हात बोलायला लागला' असं म्हणत. हात बोलला म्हणजे सोन्यानं माणूस ओळखला, तो घराण्याचा ठरला. थोरला मुलगा भट्टीपाशी बसला आणि दोन वर्षांत त्याचा हात बोलला, तेव्हा अप्पांनी स्वतःचा कुंचा त्याला दिला आणि महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगितलं.

धाकटाही दोन वर्षं बसला. त्याचा हात तसूभर हलला नाही. तो सतरा वर्षांचा असताना एक दिवस अप्पा सगळ्या कारागिरांदेखत म्हणाले, "हा हात माझ्या घरातला नाही." एवढंच म्हणाले. पुढचं जे म्हणायचं राहिलं ते सगळ्यांना ऐकू गेलं. महिन्याभरात धाकट्यानं कपड्यांची पिशवी उचलली आणि घर सोडलं. अप्पांनी आपली गादी कारखान्यात नेली. चोवीस वर्षं ते भट्टीशेजारी झोपत होते, आणि या चोवीस वर्षांत माईंना त्यांनी एकदाही हाक मारली नव्हती. काही हवं असलं तर भिंतीला सांगितल्यासारखं सांगत.

माईंना आता सत्तरी उलटल्यावर फारसं काही नको होतं. अप्पांनी तो शब्द सगळ्यांसमोर मागे घ्यावा, एवढंच हवं होतं. आणि काल सून स्वयंपाकघरात त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली होती, "भाऊजी उद्या येतायत, कागद घेऊन. आई, तुमच्यावरचा आळ जाईल बहुतेक." रात्रभर त्या वाक्यानं त्यांना झोप लागू दिली नव्हती.

दहा वाजता मुका आला. कानशिलं पांढरी झाली होती. तो वाकून पाया पडला तेव्हा माईंनी त्याचा हात हातात धरला आणि सोडायचं विसरून गेल्या.

"आई, चहा तरी देशील का?" तो म्हणाला.

अप्पांना थोरल्यानं धरून वर आणलं. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर दोघं थांबत होते. एकाला दुसऱ्याचा आधार होता की दोघंही एकमेकांना पाडणार होते, सांगता येत नव्हतं. मागून आत्याबाई आल्या. अप्पांची धाकटी बहीण, तरुणपणी नवरा गेल्यावर माहेरी परतलेली, आणि 'हात खोटं बोलत नाही' हे वाक्य गावभर पोचवणारी. त्या येऊन बरोबर अप्पांच्या शेजारी बसल्या. कोण कुणाच्या बाजूला आहे ते बसण्यावरूनच कळलं.

या घरात चहाचा कप अर्धाच भरत. माईंनी सगळ्यांना तसाच दिला. मुक्याचा मात्र काठोकाठ भरला आणि तो त्यानं एक थेंबही न सांडता तोंडाला लावला. थोरला ते बघत होता. त्याच्या अर्ध्या कपातला घोटभर चहा बशीत गेला, तो त्यानं बशीतूनच पिऊन टाकला.

"बोला," अप्पा म्हणाले. त्यांची जीभही अलीकडे जड झाली होती. "काय पंचायत बसवलीय?"

मुक्यानं पाकिटातून कागद काढला. "वहिनीला पाऱ्याची विषबाधा झालीय."

सगळ्यांच्या माना सुनेकडे वळल्या. चार वर्षांपूर्वी अप्पांना वस्तू भट्टीवर धरवेनाशी झाली आणि एकट्या थोरल्याला काम उरकेना, तेव्हा नाइलाजानं नियम मोडून तिला भट्टीपाशी बसवलं होतं.

"तुला कुणी सांगितलं हिला तपासायला?" थोरल्यानं विचारलं.

"मी गेले होते त्यांच्याकडे," सून म्हणाली.

"मला न सांगता?"

"काय सांगायचं होतं? माझा हात बोलायला लागला, साखर वाटा?"

 आत्याबाई पुटपुटल्या, "तरीच. परवा कॅनमध्ये काहीतरी लपवून नेत होती. मला वाटलं रॉकेल."

"चोवीस तासांची लघवी होती ती," मुका म्हणाला, "आणि आत्या, तू तो कॅन हलवून बघितलास, ते वहिनीनं सांगितलंय मला."

सुनेला हसू आवरेना. माईही हसल्या. हसताना सुनेच्या पापण्या फडफडत राहिल्या, आणि माईंचं हसू तिथेच मावळलं.

मग मुक्यानं सगळं नीट सांगितलं. हात थरथरायची कारणं पुष्कळ असतात. गळ्यातली ग्रंथी जास्त काम करायला लागली तरी हात थरथरतो, ती तपासली, ठीक निघाली. दम्याच्या किंवा फिट्सच्या औषधांनी थरथरतो, वहिनी कसलंच औषध घेत नाही. दारू सोडणाऱ्याचा थरथरतो, तो प्रश्नच नाही. कंपवातात हात मांडीवर नुसता पडलेला असताना हलतो आणि काही उचलायला गेलं की कमी होतो. वहिनीचं उलटं आहे. डॉक्टरांनी तिला कागदावर गोल गोल चक्री काढायला सांगितली, एका पेल्यातलं पाणी दुसऱ्या पेल्यात ओतायला लावलं.

"चक्री कसली, कोंबडीनं उकरल्यासारखी आली," सून म्हणाली. "आणि पाणी डॉक्टरांच्या बुटावर."

"मग त्यांनी आणखी विचारलं," मुका म्हणाला. "हिरड्यांतून रक्त येतं का? दात हलतात का? झोप लागते का? उगाच राग येतो का? अनोळखी माणूस समोर आला की लाज वाटून आत पळावंसं वाटतं का? आताचं आता विसरायला होतं का?"

 अप्पांच्या तोंडात पन्नाशीलाच दात उरले नव्हते. गिऱ्हाईक आलं की थोरला मागच्या दारानं निघून जायचा, आणि बायकोनं त्याला हाताला धरून पुढे आणावं लागायचं. अप्पांचे वडील शेवटी शेवटी स्वतःच्या मुलांची नावं विसरले होते. रागाबद्दल तर बोलायलाच नको. या घरात पारा लवकर चढतो असं शेजारीपाजारी गमतीनं म्हणत आणि घरचीही माणसं हसत. 

"हिच्या लघवीत पारा असायला हवा त्याच्या चौदा पट आहे," मुका म्हणाला.

"पारा तीन पिढ्या हाताळतोय आम्ही," अप्पा म्हणाले. "हा हात पाऱ्याचा नव्हे. रक्ताचा आहे."

"घराण्यात उतरणारी थरथरही असते, अप्पा. बापाकडून मुलाकडे येते, खोटं नाही. डॉक्टर आधी तेच म्हणाले. पण वहिनी आपल्या रक्ताची नाही."

"तिच्या माहेरचं असेल काही."

"माझे वडील ऐंशीव्या वर्षी सुईत दोरा ओवतात," सून म्हणाली. आवाज चढला होता, आणि सासऱ्यांसमोर चढलेला हा तिचा पहिलाच आवाज होता. "चार वर्षांपूर्वी मीही ओवत होते."

अप्पांनी आधारासाठी बहिणीकडे पाहिलं. आत्याबाई मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघत होत्या.

"दादा," त्या म्हणाल्या, "लहानपणी बाबांना लगदा घोटून द्यायचे मी. तेव्हा माझा हात बोलायला लागला होता. लग्न करून गेले आणि सासरी अकरा वर्षं हात गप्प होता."

"ते घर परकं होतं म्हणून."

"मीही तेच सांगत आले सगळ्यांना. इथं परत आले, भट्टीमागची खोली मिळाली, वर्षात परत बोलायला लागला. मी म्हटलं, माहेरानं ओळखलं मला. किती बरं वाटलं होतं." त्यांनी नाक पुसलं. "माहेर कसलं, धूर होता तो."

मग त्या उठल्या, आणि सगळी खोली ओलांडून माईंच्या शेजारी येऊन टेकल्या. "वहिनी, मी लोकांना काय काय सांगितलं तुमच्याबद्दल," एवढं म्हणून त्यांना पुढचं बोलवेना. माईंनी त्यांना जवळही घेतलं नाही आणि दूरही लोटलं नाही. त्यांचं सगळं लक्ष अप्पांच्या तोंडाकडे होतं.

थोरल्यानं घसा साफ केला. "माझं काय मग?"

"दादा, तुला आणि अप्पांना उद्याच तपासायला हवं. भट्टी आजच बंद करायची."

"ते ठीक. हे जाईल का?" त्यानं दोन्ही हात पुढे धरले. बोटं आपापल्या मर्जीनं नाचत होती. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, सकाळी त्याच्या सदऱ्याची बटणं बायको लावून द्यायची.

मुका रोज परक्या माणसांना सुई टोचताना सहज धीर देत असेल, पण इथं त्याला ते जमेना. "वहिनीचं बरंच उतरेल. औषधं आहेत, आणि धुरातून बाहेर पडली की शरीर पारा टाकत जातं. तुझी तीस वर्षं झाली. वाढायचं थांबेल. परत पहिल्यासारखा होईल असं मला सांगता येत नाही."

"खोटं सांगितलं असतंस तरी चाललं असतं," थोरला म्हणाला.

सुनेनं त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. तिचेही हलत होते. चार हात एकमेकांना धरून थरथरत राहिले आणि माईंना तिकडे बघवेना.

तेवढ्यात अप्पांनी काठी जमिनीवर आपटली. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत जुनी धार आली होती. "थांबा. सगळं पाऱ्याचंच म्हणता ना? ही चार वर्षं बसली, हिला झालं. थोरला बसला, दोन वर्षांत झालं. मग हा?" काठी मुक्याकडे वळली. "हाही दोन वर्षं बसला. तीच भट्टी, तोच धूर, तोच पाट. ह्याला का नाही झालं? सांगा ना. हा काय लोखंडाचा होता?"

मुका म्हणाला, "माणसामाणसांत फरक असतो, अप्पा," पण त्याचा आवाज लंगडा पडला. त्यालाच ते पटत नव्हतं हे सगळ्यांना दिसलं. आत्याबाईंनी मान खाली घातली. थोरलाही बापाकडे बघायला लागला. इतकं सगळं होऊन गाडी पुन्हा त्याच जागी येऊन उभी राहिली होती. या प्रश्नाचं उत्तर त्या खोलीत फक्त माईंना आणि मुक्याला ठाऊक होतं, आणि मुका तर ते कधीच विसरून गेलेला दिसत होता.

"तो बसलाच नाही," माई म्हणाल्या.

"काय?" अप्पा चोवीस वर्षांत पहिल्यांदा सरळ त्यांच्याकडे बघून बोलले.

"धुराच्या वेळी तो तिथं बसलाच नाही. छातीचा कच्चा होता. पहिल्या आठवड्यातच रात्र रात्र खोकायला लागला. मीच त्याला सांगितलं, वस्तू भट्टीवर गेली आणि धूर निघाला की तू उठायचं. लघवीला जातो म्हणायचं, पाणी आणतो म्हणायचं, काहीही म्हणायचं. मागच्या अंगणात मी उभी असायचे. धूर ओसरला की त्याला परत आत पाठवायचे."

मुका त्यांच्याकडे बघतच राहिला. "हो की," तो हळूच म्हणाला. "नळाखाली तोंड धुवायला लावायचीस. मला वाटायचं, काजळी जावी म्हणून."

"दोन वर्षं?" अप्पांनी विचारलं.

"दोन वर्षं. रोज."

"मी म्हणायचो, ह्या पोराला सारखी लघवीला कशी लागते."

"तुम्ही त्याला त्यावरून मारलंसुद्धा होतंत."

"मग हे तू तेव्हा का नाही सांगितलंस?"

"भट्टी चुकवतो म्हणून तुम्ही त्याची हाडं मोडली असती. आणि मला काय ठाऊक, थरथर त्या धुरातून येते म्हणून? मला वाटलं, धुरानं खोकला होतो. तेवढंच ठाऊक होतं मला. तुम्ही तो शब्द बोललात तेव्हासुद्धा डोक्यात आलं नाही. मी सगळे देव मनात आठवले, माझंच कुठं चुकलं का म्हणून रात्रंदिवस शोधत राहिले. आणि उत्तर माझ्याच अंगणात नळाखाली तोंड धूत होतं."

माई एवढं सलग या घरात कधी बोलल्या नव्हत्या. 

अप्पांची काठी हातातून सुटून घरंगळत गेली. कुणी उचलली नाही. म्हाताऱ्यानं हात लांब करून मुक्याचं मनगट चाचपलं आणि घट्ट धरलं. त्या पकडीनं मुक्याचा हातही हलायला लागला. मुक्यानं तो सोडवून घेतला नाही.

"म्हणजे हा माझाच," अप्पा म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

 आत्याबाई पदर तोंडाला लावून रडायला लागल्या होत्या. अप्पा सावकाश माईंकडे वळले. डोळे भरले होते, आणि जड जिभेवर कुठला तरी शब्द गोळा होत होता.

"आई," थोरला म्हणाला.

त्याच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. राग असता तर माईंना बरं वाटलं असतं, त्याच्या रागाची त्यांना सवय होती.

"काय रे?"

"मला का नाही सांगितलंस?"

"काय?"

"उठून जा म्हणून. धूर निघाला की."

सून नवऱ्याचा हात धरून तशीच बसून राहिली. माईंनी बोलायला तोंड उघडलं. तो सोळा वर्षांचा थोरला त्यांना आठवला. अंगापिंडानं भक्कम, जेवायला बसला की चौघांचं जेवणारा, कधी सर्दीपडसं नाही की ताप नाही. त्याची काळजी म्हणून त्यांना कधी करावीच लागली नव्हती. त्याचा हात बोलला त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं त्याची दृष्ट काढली होती.

"तुला कधी खोकला आला नाही रे," त्या म्हणाल्या. खरं होतं ते. दुसरं काही कारण नव्हतंच.

थोरल्यानं समजल्यासारखी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. थांबवावी म्हटलं तरी थांबत नव्हती बहुधा.

"खोकायला हवं होतं मी," तो म्हणाला.

समोर अप्पा माईंना काहीतरी सांगत होते. चुकलो, असंच काहीसं, पुन्हा पुन्हा. माईंना ते ऐकू आलं नाही.